तापाची तारीख

ऑगस्टमधली सकाळ, सव्वासातची वेळ. नाईट शिफ्ट सुटून कंपन्यांच्या बसेस खराबवाडीकडे परतत होत्या. चाकणमधल्या आमच्या लॅबचं शटर अर्धं वर केलं तोच जिन्यात दोन मुलं बसलेली दिसली. एकाच्या अंगावर अजून कंपनीचा निळा शर्ट होता आणि दोन्ही हात काखेत दाबून तो कुडकुडत होता. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सीबीसी, मलेरिया आणि डेंग्यू एनएसवन एवढंच लिहिलेलं.

दंडाला पट्टा बांधता बांधता मी नेहमीचा प्रश्न विचारला, "ताप कधीपासून आहे, दादा?"

"कालपासून."

सोबतचा मुलगा फरशीकडे बघत म्हणाला, "ताई, रविवारपासून आहे. गोळ्या खाऊन ड्यूटी करतोय हा."

त्या दिवशी शुक्रवार होता. म्हणजे तापाचा सहावा दिवस. मी डॉक्टरांना फोन केला आणि त्यांनी लगेच डेंग्यूची आयजीएम तपासणी वाढवून दिली. तासाभराने एनएसवन निगेटिव्ह आली, आयजीएम पॉझिटिव्ह. सोबतचा मुलगा गप्प राहिला असता तर "डेंग्यू नाही" असा कागद त्याच्या हातात पडला असता, आणि तो कागद घेऊन तो रात्री पुन्हा मशीनवर उभा राहिला असता.

तो खोटं का बोलला हे मला विचारावं लागलं नाही. कंत्राटी कामगाराचा एक खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेलाच, वर हजेरीचा बोनसही जातो. पाच दिवस अंगावर काढले असं सांगितलं तर डॉक्टर रागावतील, सलाईन लावतील, आठवडाभर घरी बसवतील, ही भीती. म्हणून ताप नेहमी 'कालपासून' असतो. एकोणीस वर्षं मी रक्त काढते आहे, आधी भोसरीत आणि आता चाकणला. सुई, ट्यूब, मशीन या सगळ्यांपेक्षा तापाची तारीख मोठी, हे मला याच मुलांनी शिकवलं.

तारखेला एवढं महत्त्व का, हे मी माझ्या मिस्टरांच्या कामावरून सांगते, कारण आमच्या पट्ट्यात ते सगळ्यांना कळतं. ते भोसरी एमआयडीसीत टूलरूममध्ये आहेत. नव्या पार्टची ऑर्डर आली म्हणून दुसऱ्या दिवशी माल निघत नाही. आधी डाय, म्हणजे साचा, बनते, मग ट्रायल. पार्ट गेजमध्ये बसत नाही म्हणून पुन्हा ग्राइंडिंग, पुन्हा ट्रायल. पीस पास झाला की मग प्रेसवर धडाधड उत्पादन. शरीराचंही असंच आहे. फरक एवढाच की शरीर ड्रॉइंग बघून साचा करत नाही. बी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी अब्जावधी वेगवेगळे साचे आधीच बाळगून असतात. विषाणू आला की त्यातला जो थोडाफार त्याला बसतो, त्या पेशीची निवड होते, तिच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढतात आणि प्रत्येक पिढीत साचा आणखी घासला जातो. हे काम बरंचसं लसिकाग्रंथींमध्ये चालतं. पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते आणि आजी म्हणते, "अवधाण आलं." ती गाठ म्हणजे जोरात चाललेली टूलरूमच.

तोवर शरीर हातावर हात धरून बसत नाही. विषाणू शिरल्यापासून काही तासांतच पेशी इंटरफेरॉन सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात. ताप चढतो तो याच गडबडीत. थंडी, अंगदुखी, डोळ्यांच्या मागचा ठणका यांतलं बरंचसं विषाणूचं नसून आपल्याच प्रतिकाराचं असतं. पण हा पहिला प्रतिकार सरसकट असतो, त्याच्यावर शत्रूचं नाव लिहिलेलं नसतं. नाव लिहिलेलं असतं ते अँटिबॉडीवर, म्हणजे प्रतिपिंडावर. आधी निघतात आयजीएम. पाच तुकडे एकत्र जोडलेले, दहा हातांचे, पण प्रत्येक हाताची पकड सैल. मागून येतात आयजीजी, लहान आणि घट्ट पकडीचे. काम संपलं तरी डाय भंगारात जात नाही, काही पेशी ती वर्षानुवर्षं जपतात.

आता तपासण्यांकडे बघा. एनएसवन हा डेंग्यू विषाणूचाच एक तुकडा आहे. तो पहिल्या दिवसापासून रक्तात सापडतो आणि साधारण पाचव्या दिवसानंतर हाती लागेनासा होऊ लागतो. आयजीएम दिसायला लागतात ते चौथ्या-पाचव्या दिवसापासून. म्हणजे दुसऱ्या दिवशी आयजीएम बघून काही कळत नाही आणि सातव्या दिवशी नुसत्या एनएसवनवर विसंबून चालत नाही. रक्त तेच, माणूस तोच, आजार तोच. तारीख हुकली की उत्तर उलटं.

हे मला पुस्तकातून कळलं होतं. मनाला लागलं ते वेगळ्याच कारणाने. डीएमएलटी करून मी नुकतीच कामाला लागले होते. एनएसवन तेव्हा आमच्याकडे होत नव्हती. आमच्या चाळीतल्या एका काकूंनी त्यांच्या मुलाच्या रिपोर्टबद्दल मला फोनवर विचारलं. तापाचा दुसरा दिवस होता आणि झटपट तपासणीच्या कार्डावर आयजीएमची रेघ उमटली नव्हती. मी म्हटलं, "डेंग्यू नाही हो काकू, काळजी नका करू." पाचव्या दिवशी ताप उतरला. सगळ्यांना वाटलं, सुटलो. मुलगा कामावर गेला आणि बसमध्ये कोसळला. हिरड्यांतून रक्त येत होतं. अकरा दिवस दवाखान्यात काढून तो वाचला, पण त्या अकरा दिवसांत काकूंनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही, हे मला अजून सहन होत नाही. डेंग्यूत खरा धोका बहुतेकदा ताप उतरताना असतो. रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि रक्तातलं पाणी बाहेर जातं. पोटात सतत दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, विलक्षण थकवा किंवा बेचैनी यांतलं काहीही दिसलं तर रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी दवाखाना गाठायचा. लोक प्लेटलेट पेशी किती झाल्या तेवढंच विचारतात आणि पपईच्या पानांचा रस शोधत फिरतात. प्लेटलेट्सइतकंच रक्त किती घट्ट झालंय हेही सीबीसीत दिसतं, ते डॉक्टरांना विचारा.

डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकदा एक होऊन गेला तर त्याच्यापुरती डाय तयार असते. पुढे दुसरा प्रकार आला की जुने प्रतिपिंड त्याला अर्धवट चिकटतात. धड निकामी करत नाहीत, उलट पेशींच्या आत शिरायला वाट करून देतात. म्हणून दुसऱ्यांदाचा डेंग्यू जास्त जड जाऊ शकतो. त्या वेळी आयजीजी झपाट्याने चढतात आणि आयजीएम कधीकधी इतके कमी असतात की कार्डावर रेघच येत नाही. "आधी कधी डेंग्यू झाला होता का?" हा माझा दुसरा प्रश्न त्यासाठी असतो.

कार्डावरची तपासणी झटपट होते, पण सरकारी हिशेबात ती पुरेशी मानत नाहीत. पक्कं निदान एलायझाने. शहाण्णव छोट्या खड्ड्यांची प्लेट असते. प्रतिपिंड असतील तर शेवटी खड्ड्यात निळा रंग येतो आणि आम्ल टाकलं की पिवळा होतो. रंग जितका गडद तितके प्रतिपिंड जास्त, आणि तो मोजतं यंत्र, माझे डोळे नाहीत. सरकारी केंद्रांवर डेंग्यू आयजीएमची जी एलायझा किट वापरतात ती पुण्यातच, राष्ट्रीय विषाणू संस्थेत बनतात. ही संस्था १९५२ ची, तेव्हा तिचं नाव विषाणू संशोधन केंद्र होतं. करोनाच्या पहिल्या लाटेत मे २०२० मध्ये प्रतिपिंड मोजणारी देशी एलायझाही तिथेच तयार झाली.

विडालबद्दल मात्र मला जरा जोरात बोलायचं आहे. जॉर्ज फर्नांड विडाल या फ्रेंच डॉक्टरांनी १८९६ साली ही तपासणी मांडली. टायफॉइडच्या मृत जंतूंचं द्रावण काचेवर घ्यायचं, त्यात रुग्णाच्या रक्तातलं सीरम मिसळायचं आणि हलवायचं. प्रतिपिंड असतील तर नासलेल्या दुधासारखे बारीक कण दिसतात. त्या काळात ती मोठी गोष्ट होती. पण आपल्याकडे दूषित पाण्यातून हे जंतू इतक्यांच्या पोटात कधी ना कधी जाऊन आलेत की धडधाकट माणसाच्या सीरममध्येही कण दिसू शकतात. लस घेतली असेल तरी दिसू शकतात. उलट खरा टायफॉइड असला तर पहिल्या आठवड्यात बहुतेकदा काहीच दिसत नाही. नीट करायचं तर आठ-पंधरा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन प्रमाण चौपट वाढलं का ते बघायला हवं. दुसरा नमुना द्यायला आलेला माणूस मी क्वचितच पाहिला आहे. एका विडालवर टायफॉइड ठरतो आणि अँटिबायोटिक सुरू होतं. ब्लड कल्चर महाग, उत्तर यायला काही दिवस लागतात हे मान्य. पण जंतू स्वतः सापडतो तो तिथेच, आणि रक्त घ्यायचं ते अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जाण्याआधी.

हे मला इतकं का टोचतं, तर माझं बालपण पिंपरीच्या एचए कॉलनीत गेलं. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी मालकीची देशातली पहिली औषध कंपनी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने ती १९५४ मध्ये पिंपरीच्या माळावर उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तिथून पेनिसिलिन बाहेर पडू लागलं. वडील तिथे फर्मेंटेशनला होते. बुरशीच्या टाक्यांचं तापमान रात्रभर जपायचं ते काम. पेनिसिलिन आमच्या घरात जवळजवळ देव्हाऱ्यातल्या गोष्टीसारखं होतं. चुकीच्या कागदावर अँटिबायोटिक वाया जाताना बघणं मला जमत नाही.

टीबीबद्दलही लोक विचारतात, "रक्तातून कळेल ना?" नाही कळत. टीबीचा जंतू आपल्या पेशींच्या पोटात लपतो, त्याच्याशी झुंजतात त्या टी पेशी, आणि रक्तातल्या प्रतिपिंडांवरून आजार आहे की नाही ते ठरवता येत नाही. म्हणूनच रक्तातले प्रतिपिंड बघून टीबी सांगणाऱ्या किटवर भारत सरकारने २०१२ मध्ये बंदी घातली. थुंकी द्यावी लागते. गोव्याच्या मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅट यंत्रात जंतूचा डीएनएच तासाभरात सापडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ते मान्य केलं.

आणि मग जानेवारी २०२५. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, धायरी या भागांत माणसांच्या पायातली ताकद अचानक जाऊ लागली. बघता बघता पुणे परिसरातले रुग्ण दोनशेच्या वर गेले. आमच्या पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण निघाले, वायसीएम रुग्णालयात मोफत उपचारांची सोय झाली. गिलान बारे सिंड्रोम, जीबीएस. त्या दिवसांत लॅबमध्ये रोज कुणीतरी येऊन म्हणायचं, "ताई, जीबीएसची रक्ततपासणी करा." अशी तपासणीच नाही हे सांगताना समोरच्या आईचा चेहरा उतरायचा.

रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत राष्ट्रीय विषाणू संस्थेला कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला होता, काहींत नोरोव्हायरस. दूषित पाण्यातून किंवा कच्च्या राहिलेल्या कोंबडीतून येणारा हा जंतू एरवी चार दिवस जुलाब करून निघून जातो. पण त्याच्या अंगावरचे काही साखरेचे रेणू आपल्या नसांवरच्या रेणूंसारखे दिसतात. शरीर जंतूसाठी डाय बनवतं आणि तीच डाय नसेवर बसते. जुलाब थांबून आठ-पंधरा दिवस झालेले असतात, माणूस त्यांना विसरलेला असतो, आणि पाय उचलेनासे होतात. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारून बघतात, नसांमधून वीज किती वेगाने जाते ते मोजतात, पाठीच्या कण्यातलं पाणी काढतात. त्या पाण्यात पेशी वाढत नाहीत, पण प्रथिनं वाढलेली असतात. अर्थात तीही पहिल्या आठवड्यात नॉर्मल येऊ शकतात. इथेही तारीखच. उपचार म्हणून हजारो दात्यांच्या रक्तातले प्रतिपिंड शिरेतून देतात, किंवा रुग्णाचा प्लाझ्मा बदलतात.

आता मी "किती दिवसांपासून?" असं विचारणं सोडलं आहे. "अंग पहिल्यांदा गरम झालं तेव्हा कोणती शिफ्ट होती?" असं विचारते. तारीख चुकते, शिफ्ट कुणी विसरत नाही. "सेकंड शिफ्टला, जेवणाच्या सुट्टीत," असं उत्तर येतं आणि बोटांवर दिवस मोजून मी ट्यूबवर लिहिते.

गेल्या पावसाळ्यात मेदनकरवाडीहून एक बाई आल्या, कडेवर तापलेली मुलगी. पिशवीतून त्यांनी कालनिर्णयचं फाडलेलं पान काढून टेबलावर ठेवलं. रोजच्या चौकटीत दुधाचा हिशेब, एका चौकटीत गॅस लावल्याची खूण, आणि एकोणीस तारखेच्या चौकटीत, दीड लिटरच्या खाली, पेन्सिलने लिहिलेलं: रात्री ताप १०२. पुढच्या प्रत्येक चौकटीत एक आकडा होता. पानावर बोट ठेवून मी मोजत गेले. पाचवा दिवस. डॉक्टरांना फोन लावला, एनएसवन आणि आयजीएम दोन्ही विचारून घेतल्या, आणि मुलीचा इवलासा दंड हातात घेतला.