करवीरनिवासिनीच्या चरणी सूर्यकिरणे

माघ शुद्ध सप्तमीस पाटावर सप्ताश्वांचा रथ रेखावा, तुळशीपुढे गोवऱ्यांवर दूध उतू घालावे आणि सूर्यनारायणास अर्घ्य द्यावे, हा आपला कुळाचार. याच सुमारास करवीर क्षेत्री साक्षात सविता जगदंबेच्या पायी येतो. ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी, तसेच ९, १० व ११ नोव्हेंबर हे किरणोत्सवाचे परंपरागत दिवस होत.

श्रीमहालक्ष्मीचे मंदिर पश्चिमाभिमुख आहे. मावळतीची किरणे महाद्वारातून शिरतात आणि गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा असे टप्पे घेत गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी मध्यांग, तिसऱ्या दिवशी मुखमंडल उजळावे, असा क्रम. सोहळा अवघ्या काही मिनिटांचा!

भीमाशंकराच्या वाटेवरील तळेघरी आम्ही या विषयाचे निरूपण केले, तेव्हा एका आजीबाईंनी विचारले, "बुवा, रथसप्तमी दरसाल मागंपुढं होते, मग अंबाबाईची किरणं नेमल्या तारखेलाच कशी?" प्रश्न मोठा मार्मिक, पंडितांनाही चटकन सुचू नये असा. तिथी ठरते चंद्र व सूर्य यांच्यातील अंतरावरून. किरणांच्या वाटेशी चंद्राचा संबंध नाही; ती सूर्याच्या दक्षिणोत्तर सरकण्यावर, म्हणजे क्रांतीवर, अवलंबून असते. त्या दिवसांत सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे १७ अंश असतो. २१-२२ डिसेंबरास तो उत्तरेकडे वळतो. त्याआधी सुमारे सहा आठवडे जाताना आणि नंतर तितक्याच अवधीने परतताना तो क्षितिजावर त्याच ठिकाणी मावळतो. म्हणून हा योग वर्षातून दोनदा. (आपली संक्रांत निरयन गणनेची, म्हणून ती जानेवारीच्या मध्यास येते.)

असा वेध इतरत्रही घेतला गेला. कंबोजदेशीचे अंकोरवाट हे १२ व्या शतकातील विष्णुमंदिरही पश्चिमाभिमुखच. विषुवदिनी त्याच्या महाद्वारातून पाहता सूर्य मधल्या शिखरावर उगवतो. मेक्सिकोत झिबिलचाल्तून येथील माया लोकांच्या मंदिरात त्याच प्रभाती सूर्यबिंब दारांच्या चौकटीत दिसते.

करवीरी मात्र कित्येक वर्षी किरणे गुडघ्यापाशी वा कमरेपाशीच विरली आहेत. मग देवी कोपली, अशी कुजबुज होते. आम्हांस ते पटत नाही. अस्ताचा सूर्य क्षितिजापासून काही अंशच वर असतो. पश्चिमेच्या रस्त्यावरील एखादा वाढीव मजला, पाण्याची टाकी वा फलक त्याला सहज अडवतो. असे काही अडथळे काढलेही गेले. ढग आणि धूळ यांवर इलाज नाही. गच्चीवरची टाकी मात्र हलवता येते.

दर्शनेच्छूंनी नोव्हेंबरात पावणेसहाच्या, तर फेब्रुवारीत सव्वासहाच्या बरेच आधी देवळात पोचावे.