टाकीत डिझेल बसत नाही? आधी हवेचा रस्ता तपासा

आज फवारणी नाही, खत नाही, गाडीवर बोलूया. टोमॅटोची तोडणी चालू आहे, माल रोज वेळेत केंद्रावर यायला हवा, आणि या पंधरवड्यात दोन-तीन सभासदांनी एकच तक्रार सांगितली. पिकअपमध्ये डिझेल भरायला गेलं की दोन लिटरला नोझल कट. पुन्हा दाबला की पुन्हा कट. मागे रांग, पंपावरचा मुलगा वैतागलेला, शेवटी पाचशेचं टाकून निघायचं आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. गॅरेजवाल्याने "टाकीच बदलू" म्हटलं तर लगेच हो म्हणू नका. बऱ्याचदा टाकीला काही झालेलं नसतं.

नोझल कट का होतो ते आधी समजून घ्या. त्याच्या टोकाशी एक बारीक भोक असतं, त्यातून तो हवा ओढत असतो. डिझेल वर येऊन ते भोक बुडालं की हवा मिळत नाही आणि आतला खटका सुटतो. टाकी भरली की रिकामी, हे त्याला कळत नाही. तोंडाशी डिझेल आलं एवढंच कळतं.

आता घरातलं नरसाळं आठवा. बाटलीच्या तोंडात ते घट्ट बसलं की तेल वरच तुंबतं, जरा उचललं की हवा निघते आणि तेल भसकन खाली जातं. ठिबकच्या मेन लाइनला आपण एअर व्हॉल्व्ह बसवतो तो याचसाठी. गाडीच्या टाकीतही डिझेल आत जायचं तर तेवढीच हवा बाहेर पडावी लागते. त्यासाठी भरायच्या जाड नळीशेजारून एक बारीक नळी जाते, मेकॅनिक तिला ब्रीदर पाइप म्हणतात. ती तुंबली किंवा दुमडली की डिझेल तोंडाशी थांबणारच.

पण गाडी खोलायच्या आधी दुसऱ्या पंपावर भरून बघा. तिथे नीट भरलं तर दोष पहिल्या नोझलचा. काही हायवे पंपांवर ट्रकसाठी जोरात सोडणारे नोझल असतात, त्याने छोट्या गाडीत डिझेल फेसाळतं आणि फेसामुळेही खटका सुटतो. हळू सोडायला सांगा, नोझल थोडा बाहेर ओढून किंवा जरा फिरवून धरायला सांगा. सगळ्या पंपांवर तेच होत असेल आणि टाकी निम्म्याच्या खाली असतानाही होत असेल, तर मात्र गाडीत बघायचं. कट झाल्यावर तोंडाशी बुडबुड आवाज येऊन डिझेल सावकाश खाली उतरत असेल, तर हवा अडतेय हे जवळपास नक्की.

काय सापडतं? उसाच्या रानातून येणाऱ्या गाडीला खालून चिखल थापला जातो, तो सुकून नळी दाबली जाते. उंदीर रबर कुरतडतात. गाडी बरेच दिवस उभी असेल तर कुंभारीण माशी उघड्या नळीच्या तोंडात मातीचं घर करते. (ही माशी अळ्या उचलून नेते, शेतात ती आपली मित्रच आहे. फक्त जागा चुकीची निवडते.) जुन्या गाडीत जाड रबरी नळीचा आतला थर सुटून पडद्यासारखा लोंबतो, बाहेरून नळी छान दिसते. आणि झाकण हरवलं म्हणून ज्यांनी फडकं कोंबलंय त्यांनी तोंडातली जाळी बघा, तिथे धागे आणि धूळ साचलेली असते. झाकण नवीन घ्या. प्लॅस्टिकची पिशवी आवळून बांधली तर टाकीत हवा शिरायलाही जागा राहत नाही आणि गाडी चालता चालता बंद पडू शकते.

नळी बदलायची तर इंधनासाठीचीच घ्या. फवारणी पंपाची किंवा पाण्याची नळी लावू नका, ती डिझेलमध्ये फुगते नाहीतर कडक होऊन तडकते.

आता महत्त्वाचं. टाकीला जोडलेल्या नळीत कॉम्प्रेसरची हवा मारू नका. टाकी फुगते, फुटते, आणि पेट्रोलची गाडी असेल तर एक ठिणगी पुरते. नळी दोन्हीकडून सोडवून, बाजूला घेऊन, सायकलच्या पंपाने साफ करा. तार घालू नका, आत झडप असेल तर ती मोडते. टाकीजवळ वेल्डिंग नको, टाकी रिकामी दिसली तरी नको, कारण आत वाफ असते. आणि तोंडाने डिझेल ओढायची सवय सोडा. घोटभर श्वासनळीत गेलं तरी फुप्फुसाला इजा होते. कोणी गिळलं तर उलटी करवू नका, थेट दवाखान्यात न्या.

पेट्रोल कारवाल्यांसाठी वेगळं. तुमच्या टाकीतली वाफ कोळशाच्या एका डबीतून जाते, तिला कॅनिस्टर म्हणतात. नोझल कट झाल्यावर "गोल आकडा करा" म्हणून वर दोन-तीनदा दाबलं तर पेट्रोल त्या डबीत उतरतं आणि कोळसा भिजतो. मग टाकी भरायला त्रास, पेट्रोलचा वास, भरल्या भरल्या स्टार्ट न होणं हे सगळं सुरू होतं. शिवाय 40 लिटर पेट्रोल 15 अंशांनी तापलं तर अर्ध्या लिटरहून जास्त फुगतं, त्याला जागा लागते. पहिल्या कटला थांबा, सुट्ट्या पैशांचं नंतर बघू.

काही जणांची तक्रार उलटी असते: नोझल नीट भरतो, पण काटा फुलवर जात नाही. तिथे आतला फ्लोट अडकलेला असतो, हवेचा संबंध नाही. किती लिटर बसलं ते पावतीवर बघा आणि गाडीच्या पुस्तकातल्या क्षमतेशी ताडा. पंपाच्या मापावरच शंका असेल तर वाद घालण्यापेक्षा वैधमापनचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप मागा. ते पंपावर असतं आणि आपल्यासमोर मोजून दाखवायला लावता येतं.

ज्यांची गाडी अशी अडतेय त्यांनी गाडीचं मॉडेल आणि कितव्या लिटरला कट होतो एवढं व्हॉइस मेसेजवर कळवा. माल ज्या दिवशी यायचा असेल त्याच्या आदल्या संध्याकाळी डिझेल भरून ठेवा, आणि गाडी अडलीच तर सकाळी आठच्या आत फोन करा, शेजारच्या सभासदाच्या गाडीत तुमचे क्रेट बसवता येतात का ते बघतो.