जुन्या एमजीला कोणतं पेट्रोल पाजायचं?

ब्रिटनमधल्या बहुतेक पेट्रोल पंपांवर पेट्रोलचे दोन प्रकार मिळतात. एकावर ९५ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ९७ किंवा ९९. रोजच्या गाडीत आपण डोळे मिटून स्वस्तातलं भरतो. पण मुलं युनिव्हर्सिटीत गेली, घराचं कर्ज आटोक्यात आलं, की आपल्यातल्या काहींना जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे डोहाळे लागतात. मग पंपासमोर उभं राहिल्यावर प्रश्न पडतो, हिला काय पाजायचं? सल्ला ठरलेला असतो : ‘महागातलं घाल, जुनी गाडी आहे, जपायला हवी.’ पुण्याचे काकासुद्धा फोनवर हेच सांगतात. सल्ला बरोबरच आहे, पण त्यामागचं कारण बहुतेकांना भलतंच वाटतं. आणि कारण चुकलं की लक्ष नको तिथं जातं.

उदाहरण एमजीबीचं घेऊ, कारण आपल्या लोकांकडे येते ती बहुधा हीच. १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या. त्यामुळे सुटे भाग आजही सहज मिळतात. १७९८ सीसीचं साधंसरळ इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर. संगणक नावाची गोष्ट औषधालाही नाही.

आता ऑक्टेन. हा आकडा पेट्रोलची ‘ताकद’ सांगत नाही. दाबाखाली पेट्रोल किती वेळ दम धरतं, एवढंच तो सांगतो. इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पिस्टन दाबतो, मग स्पार्क पडतो आणि ज्वाला एका बाजूनं दुसरीकडे सरकत जाते. पेट्रोलचा ऑक्टेन कमी पडला तर ज्वाला पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं. पत्र्याच्या डब्यात चिंचोके घालून हलवावेत तसा आवाज येतो. इथले मेकॅनिक त्याला ‘पिंकिंग’ म्हणतात, आपल्याकडचे ‘नॉकिंग’. चौथ्या गिअरमध्ये, कमी वेगात चढ चढताना ॲक्सिलरेटर दाबला की तो हमखास कानावर येतो. दुर्लक्ष करत राहिलं तर पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते.

नव्या गाडीत हा आवाज टिपणारा सेन्सर असतो आणि संगणक स्पार्कची वेळ मागेपुढे करून घेतो. एमजीबीत ते काम डिस्ट्रिब्युटरमधली वजनं आणि एक व्हॅक्युमची डबी करते. पेट्रोल कुठलं आहे हे त्यांना कळत नाही. म्हणून ९७ मध्ये सुखानं चालणाऱ्या गाडीत ९९ घातलं तर ती जास्त पळत नाही. ज्याला ‘फरक जाणवतो’ त्याला पावती बघून जाणवतो, असं माझं मत.

मग हिला किती हवं? ते इंजिनवरच लिहिलेलं असतं. इंजिनाच्या नंबरात मध्येच एच किंवा एल हे इंग्रजी अक्षर सापडतं. एच म्हणजे जास्त कॉम्प्रेशनचं, ८.८ किंवा त्याहून किंचित जास्त रेशो. या गाड्या ‘फोर स्टार’ पेट्रोलसाठी होत्या, म्हणजे ९७ ऑक्टेनच्या. एल म्हणजे कमी कॉम्प्रेशनचं, ८ रेशोचं. सत्तरच्या दशकात अमेरिकेला गेलेल्या कित्येक गाड्यांत हे होतं, आणि त्यातल्या काही आता परत ब्रिटनमध्ये येतात. एलवाल्यांना ९५ पुरेसं होतं. एचवाल्यांनाही ९५ वर चालवता येते, पण मग स्पार्कचं टायमिंग दोन-तीन अंश मागे घ्यावं लागतं. थोडी ताकद जाते, आणि फारच मागे घेतलं तर इंजिन तापतं. अर्थात पन्नास वर्षांत इंजिन कुणी उघडलंय, काय बदललंय, याचा नेम नसतो. त्यामुळे नंबर वाचा, पण शेवटी कानावर विश्वास ठेवा.

एवढंच असतं तर एलवाल्यांनी खुशाल स्वस्तातलं भरलं असतं. खरी गोम आकड्याशेजारच्या छोट्या वर्तुळात आहे. त्यात ई५ किंवा ई१० लिहिलेलं असतं. सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमधलं साधं ९५ पेट्रोल ई१० झालं, म्हणजे त्यात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. ई५ राहिलं ते ९७ आणि त्यावरच्या सुपरमध्ये. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन उत्तम असतो, तक्रार ती नाही. पण ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला मऊ करतं किंवा तडकवतं. शिवाय त्यात ऑक्सिजन असल्यानं कार्बोरेटरचं मिश्रण थोडं पातळ होतं. तेव्हा जुन्या गाडीत सुपर भरायचं ते आकड्यासाठी कमी आणि वर्तुळातल्या ई५ साठी जास्त. एलवाला इथं नको असलेल्या ऑक्टेनचे पैसे मोजतो, कारण कमी इथेनॉल दुसऱ्या नळीला मिळतच नाही.

पैसे तरी किती? समजा लिटरमागे १५ पेन्सचा फरक आहे आणि गाडी वर्षाला दोन हजार मैल फिरते. गॅलनला २५ मैल धरले तर साधारण ३६४ लिटर लागतात, म्हणजे वर्षाला ५५ पौंड जास्त. चौघांनी एकदा बाहेर जेवायचं बिल. इथं काटकसर करू नये.

पण एवढं करून थांबूही नये. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडे १९७३ ची एमजीबी जीटी आहे. घेतल्यापासून कटाक्षानं ९९ भरतात. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला ती पार्किंगमध्ये उभी होती, पोरंटोरं भोवती जमलेली, आणि पेट्रोलचा वास येत होता. बॉनेट उघडलं तर कार्बोरेटरकडे जाणारा रबरी पाइप ओला. बोटानं वाकवला तर बारीक भेगा. या इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, वर-खाली असतात. मध्ये फक्त पत्र्याची एक ढाल. तापलेल्या एक्झॉस्टवर पेट्रोल ठिबकणं म्हणजे काय, हे डॉक्टरांना समजावून सांगावं लागलं नाही. गाडी तिथून टोइंगच्या गाडीवर घरी गेली. पाइपांचा खर्च एका टाकीच्या पेट्रोलहून कमी आला.

सगळे पाइप ई१० ला चालणारे घ्या, त्यावर छापलेलं मानक ‘आर नाइन’ किंवा त्यापुढचं हवं. मागच्या टाकीजवळचेही बदला, ते विसरले जातात. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथं रोड टॅक्स माफ असतो, आणि फार फेरबदल केले नसतील तर वार्षिक एमओटी तपासणीही माफ. त्या सवलतीचं आपल्याला कौतुक, पण याचा अर्थ वर्षातून एकदाही कुणी तिऱ्हाईत गाडीखाली डोकावत नाही. मी तरी एमओटी स्वखुशीनं करून घ्या असंच सांगेन.

शिशाची भीती अजून काहींना वाटते. ब्रिटनमध्ये शिसंयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री १९९९ च्या अखेरीस थांबली, भारतात त्यानंतर महिन्याभरानं. मुलांच्या मेंदूवर होणारा परिणाम पाहता ते गेलं ते बरंच झालं. शिशामुळे ऑक्टेन वाढायचा आणि बिडाच्या हेडमधल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट झिजायच्या वाचायच्या. पण ऑक्टेन आणि सीट हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सुपर भरून सीट वाचत नाहीत. हेडमध्ये कडक सीट बसवल्या आहेत का, हे आधीच्या मालकाच्या बिलांत शोधा. नसतील तर प्रत्येक टाकीला सीटसाठीचं ॲडिटिव्ह घाला आणि मोटरवेवर जोरात पळवायचा मोह आवरा.

इतर देशांतल्या वाचकांसाठी एक खुलासा. अमेरिकेत पंपावरचा आकडा वेगळ्या पद्धतीनं काढतात, दोन चाचण्यांची सरासरी. तिथलं ८७ म्हणजे इथलं साधारण ९१-९२, आणि तिथलं ९३ म्हणजे ९७-९८. दुबईतले ९५ आणि ९८ मात्र इथल्यासारखेच मोजलेले असतात, भारतातले ९१, ९५ सुद्धा. महाराष्ट्रात घरी जुनी फिएट किंवा येझदी जपलेल्यांनी तर आकड्याआधी रबराचाच विचार करावा, कारण तिकडे आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. उसाला भाव मिळतो हे खरं, पण पन्नास वर्षांच्या पाइपाला त्याचं सोयरसुतक नाही.

आता हिवाळा. नोव्हेंबरात गाडी गॅरेजमध्ये ठेवण्याआधी टाकी ई५ नं काठोकाठ भरा, म्हणजे ओलसर हवेला आत जागा उरत नाही. मार्चमध्ये बॉनेट उघडून, नीट वास घेऊन मगच किल्ली फिरवा, इंजिन लगेच सुरू करू नका. मागच्या बाजूनं पेट्रोलच्या इलेक्ट्रिक पंपाची टकटक ऐकू येईल. कार्बोरेटर भरले की ती थांबते. नाही थांबली तर पेट्रोल कुठंतरी जातंय, किल्ली बंद करा आणि टॉर्च घ्या.