काउंटी म्हणजे जिल्हा, पण कलेक्टर नसलेला

आजचा भाग जरा सरकारी आहे, पण लगेच स्किप करू नका. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोललोय तसंच ठेवलंय, थोडं आवरून.

बे एरियात नव्याने आलेल्या मराठी मुलामुलींचा एक ठरलेला प्रश्न असतो : "पत्त्यात शहर लिहिलं, राज्य लिहिलं, मग फॉर्मवर काउंटी कशाला विचारतात?" सोपं उत्तर, काउंटी म्हणजे आपला जिल्हा. कॅलिफोर्नियात अशा ५८ काउंट्या आहेत. आपण आज सँटा क्लॅरा काउंटीबद्दल बोलू, कारण आपले बरेच श्रोते तिथलेच. सॅन होजे, सनीव्हेल, क्युपर्टिनो, मिल्पिटास धरून १५ शहरं हिच्यात येतात. फ्रीमाँट मात्र येत नाही हं! मिल्पिटासला लागून असलं तरी ते अलामेडा काउंटीत. म्हणजे गाडीने दहा मिनिटं पुढे गेलात की तुमचा जिल्हा बदलला.

आता जिल्हा म्हटलं की आपल्या डोक्यात कलेक्टर येतो. आयएएस होऊन आलेला, सरकारने नेमलेला. इथे तसं नाही. इथे पाच सुपरवायझर लोकांनी निवडून दिलेले असतात आणि ते काउंटीचा कारभार चालवणारा अधिकारी नेमतात. त्याहून गंमत म्हणजे शेरीफ, सरकारी वकील आणि घरांचं मूल्य ठरवणारा असेसर हेसुद्धा मतदानाने निवडून येतात. आपल्याकडे एसपी निवडणुकीला उभा राहिलाय अशी कल्पना करून बघा!

शहर आणि काउंटी यांची कामं वेगळी, पण रेघ सरळ नाही. क्युपर्टिनोला स्वतःचं पोलीस खातं नाही, ते शहर करार करून शेरीफकडून पोलिसांचं काम करून घेतं. सनीव्हेलची लायब्ररी शहराची, तर क्युपर्टिनोची काउंटीच्या लायब्ररी व्यवस्थेतली. आणि ज्या डीएमव्हीत तुम्ही लायसन्ससाठी ताटकळता, ते ना शहराचं ना काउंटीचं. ते राज्याचं.

तिथूनच आजचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा निघतो, नीट ऐका. डीएमव्हीच्या फॉर्मवर मतदार नोंदणीचा प्रश्न असतो. एच-वन असो, एफ-वन असो की ग्रीन कार्ड, तुम्ही अमेरिकेचे नागरिक नसाल तर तिथे "नागरिक आहे" असं चुकूनही टिक करायचं नाही. मतदार यादी काउंटीचं ऑफिस सांभाळतं आणि तुमचं नाव त्यात गेलं, तर ते पुढे ग्रीन कार्डच्या किंवा नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी निघू शकतं. नागरिक असल्याचा खोटा दावा ही इमिग्रेशनच्या कायद्यात फार गंभीर गोष्ट आहे, त्यापायी देश सोडायची वेळ येऊ शकते. घाईत पुढे-पुढे दाबत जायची सवय असते ना आपल्याला, ती या एका स्क्रीनवर नको. नाव आधीच गेलंय असं लक्षात आलं तर गप्प बसू नका आणि मतदान तर अजिबात करू नका. आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे ज्युरीचं पत्र. काउंटीतल्या कोर्टाकडून येतं, आणि डीएमव्हीच्या यादीतूनही नावं उचलत असल्यामुळे नागरिक नसलेल्यांनाही येतं. घाबरायचं नाही आणि कचऱ्यातही टाकायचं नाही. उत्तरात "मी नागरिक नाही" असं कळवायचं. विषय संपला.

आता घर घेतलेल्यांसाठी. भाड्याने राहणाऱ्यांनी हा तुकडा पुढे ढकलला तरी चालेल, पण ऐकून ठेवा. प्रॉपर्टी टॅक्स काउंटी गोळा करते, दोन हप्त्यांत. पहिला १० डिसेंबरपर्यंत, दुसरा १० एप्रिलपर्यंत. उशीर झाला की १० टक्के दंड. हे बहुतेकांना माहीत असतं, बँकच भरते म्हणून बरेच जण निवांतही असतात. फसगत होते ती दुसऱ्या बिलात, सप्लिमेंटलमध्ये.

ते काय प्रकरण आहे? १९७८ साली कॅलिफोर्नियात प्रॉपोझिशन १३ मंजूर झालं. त्यानुसार घराचं करासाठीचं मूल्य वर्षाला जास्तीत जास्त २ टक्क्यांनी वाढतं. म्हणजे पंचवीस-तीस वर्षं त्याच घरात राहिलेल्या आजोबांच्या घराचं मूल्य कागदावर समजा ३ लाख डॉलर. तुम्ही ते घर १५ लाखांना घेतलंत की मूल्य एकदम १५ लाख होतं. मधल्या १२ लाखांच्या फरकावर उरलेल्या आर्थिक वर्षाचा कर वेगळा लावतात, तेच सप्लिमेंटल बिल. मूळ दर १ टक्का, वर थोडी स्थानिक भर. डिसेंबरमध्ये घर घेतलं तर जून अखेरपर्यंतच्या सहा महिन्यांचे साधारण ६ हजार डॉलर. जानेवारी ते मे यादरम्यान घेतलंत तर अशी दोन बिलं येतात. आणि हे बिल सहसा बँक भरत नाही, ते थेट तुमच्या नावाने येतं. काही महिन्यांनी येतं, तोवर आपण सोफा आणि पडद्यांत पैसे घालवून बसलेले असतो. "बिल मिळालंच नाही" ही सबब दंड माफ व्हायला चालत नाही. घर घेतलंत की काउंटीच्या साइटवर पत्ता टाकून स्वतःच बघत राहा.

त्याच सुमारास "करात सवलत मिळवून देतो, अमुक डॉलर पाठवा" अशी सरकारी दिसणारी पत्रं येतात. ती खासगी कंपन्यांची. राहत्या घराची सवलत, म्हणजे मूल्यात ७ हजार डॉलरची वजावट, असेसरकडे फुकट मिळते. वर्षाला वाचतात जेमतेम ७० डॉलर. म्हणजे त्यासाठी कुणाला फी देणं हा शुद्ध वेडेपणा.

दाखल्यांचं थोडक्यात सांगते. कोर्ट मॅरेज म्हणतो ते इथे कोर्टात नाही, काउंटी क्लार्ककडे होतं. आधी लायसन्स काढायचं, ते ९० दिवस चालतं. लग्न झाल्यावर सर्टिफिकेट आपोआप घरी येत नाही, प्रमाणित प्रत वेगळी मागून घ्यावी लागते. व्हिसाला तीच लागते. बाळाच्या जन्मदाखल्याच्या दोन प्रकारच्या प्रती असतात, त्यातली "फक्त माहितीसाठी" असा शिक्का असलेली पासपोर्टला चालत नाही. आईबाबा म्हणून शपथपत्र देऊन अधिकृत प्रतच मागा, आणि दोन-तीन मागा. ओसीआयच्या वेळी आठवण येईल.

बाकी बारीकसारीक बरंच आहे. हॉटेलच्या दारावर हिरवी, पिवळी किंवा लाल पाटी दिसते ना, ती काउंटीच्या तपासणीची. डोसा कितीही भारी असो, पिवळी दिसली तर मी आधी काउंटीच्या साइटवर रिपोर्ट वाचते. मदत कुठे मिळेल हे कळत नसेल, म्हणजे भाडं थकलंय, खाण्याची अडचण आहे, घरात मारहाण होतेय पण या क्षणी धोका नाही, तर २११ वर फोन करा. आत्ता जीवावर बेतलंय तर ९११.

आणि घरामागे छोटं तळं किंवा कारंजं असेल, डास होत असतील, तर काउंटीच्या डास नियंत्रण विभागाला कळवा. आपल्याकडे पालिका गप्पी मासे सोडते ना, तसेच डासांच्या अळ्या खाणारे मासे ते देतात. तेही फुकट.