विश्लेषण : गायतोंडेंचे चित्र ४० कोटींना, मग काही हजारांची ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणजे काय?

वासुदेव गायतोंडे यांचे १९६१ मधील एक चित्र मार्च २०२१ मध्ये सॅफ्रनआर्टच्या लिलावात ३९.९८ कोटी रुपयांना विकले गेले. एवढी किंमत मोजणारे मोजकेच. नामवंत चित्रकारांच्या कामाची ‘लिमिटेड एडिशन प्रिंट’ मात्र आता ऑनलाइन मागवता येते आणि तिचे पार्सल अकोले तालुक्यातील राजूरलाही पोहोचते. पण त्या नळकांड्यातून निघते ते नेमके काय?

गायतोंडे कोण होते?

जन्म १९२४, नागपूर. मूळ गोव्याचे कुटुंब, बालपण गिरगावात. १९४८ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका, पुढे प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी संबंध. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क, १९७१ मध्ये पद्मश्री. आपल्या कामाला ते ‘अमूर्त’ नव्हे, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले.

चित्रे इतकी महाग का?

ते वर्षाकाठी मोजकीच चित्रे करत. १९८४ च्या अपघातानंतर काही वर्षे कामच थांबले. रोलर आणि पेंटिंग नाइफने रंगाचे थर चढवायचे, काही उतरवायचे, अशी त्यांची पद्धत. त्यातून येणारी खोली कॅनव्हाससमोर उभे राहिल्यावरच जाणवते.

मर्यादित आवृत्ती म्हणजे काय?

लिथोग्राफ दगडावरून, एचिंग धातूच्या पत्र्यावरून आणि सेरिग्राफ जाळीतून छापतात. सेरिग्राफमध्ये साधारणपणे प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते. किती प्रती काढायच्या हे आधीच ठरते. खाली पेन्सिलीने ‘१२/५०’ लिहिलेले असेल, तर एकूण ५० प्रतींपैकी ती बारावी. चित्रकार प्रती तपासून सही करतो. छपाई संपली की पत्रा वा जाळी बाद करण्याची प्रथा आहे. अशी प्रत ही नक्कल नसते. ते स्वतंत्र कलाकृतीच असते.

मूळ चित्राचा फोटो काढून इंकजेटवर छापलेली प्रत कितीही सुबक असली, तरी ती प्रतिकृतीच. तिच्यावर क्रमांक टाकल्याने ती बदलत नाही.

मग गायतोंडेंच्या नव्या प्रतींचे काय?

आज छापलेल्या प्रतीवर त्यांची हस्ताक्षरातील सही असूच शकत नाही. ती भिंतीची शोभा वाढवेल. गुंतवणूक म्हणून तिच्याकडे पाहणे मात्र धोक्याचे.

कायदा काय सांगतो?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो; गायतोंडेंबाबत २०६१ अखेरपर्यंत. चित्र विकत घेतले म्हणून त्याच्या प्रती छापण्याचा हक्क आपोआप मिळत नाही; त्यासाठी लेखी हस्तांतरण लागते.

खरेदीदाराने काय पाहावे?

राजूरच्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनात जाणता शेतकरी दात पाहिल्याशिवाय बैलाचा भाव करत नाही. प्रिंट घेतानाही तेच. छपाईचे तंत्र, एकूण प्रती, छपाईचे वर्ष, सही हाताची की छापलेली आणि हक्कधारकाची परवानगी, या पाच गोष्टी विक्रेत्याकडून लेखी घ्याव्यात. उत्तर टाळले गेले, तर ते पोस्टर समजून पोस्टरचीच किंमत द्यावी.