आधी आर.टी.ओ., मग वेल्डिंग!

साताऱ्यात आमच्या यांच्या डोक्यात सध्या एकच खूळ! जीपमागं ओढायची, थेंबाच्या आकाराची झोपायची गाडी घरीच बनवायची. आत गादी, मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा. मी हसले नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी मुलाच्या हौसेखातर भंगारातून किकवर सुरू होणारी जीप केलीच की! पण ती नियमात बसणारी नव्हती. शेवटी २०२२ मध्ये आनंद महिंद्रांनी ती घेऊन त्यांना बोलेरो दिली. आपल्याला कोण देणार? ट्रेलरलाही नोंदणी लागतेच, तेव्हा आधी ती चौकशी. आणि ओटा माझ्या उंचीचा हवा. बामणोलीला जाऊनही वाकून पोळ्या लाटायच्या, तर घरच काय वाईट?