स्कर्टिंगखालचा वारा आणि एक उदबत्ती

इंग्लंडमधल्या जुन्या व्हिक्टोरियन घरांत राहणाऱ्या मंडळींनो, हीटर चालू असूनही पाय गारठतात ना? खिडक्या नंतर, आधी स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी बघा! या घरांची लाकडी जमीन बहुधा अधांतरी असते. लाकूड कुजू नये म्हणून बाहेरच्या भिंतीतल्या जाळीदार विटांमधून खालच्या पोकळीत वारा खेळता ठेवलेला असतो. तोच वारा स्कर्टिंग आणि फळ्यांमधल्या फटीतून खोलीत शिरतो.

वाऱ्याच्या दिवशी उदबत्ती लावून कडेकडेने फिरवा, पडद्यांपासून जपून. धूर हलेल तिथे पेन्सिलीने खूण करा. मग फट नीट झाडून घ्या. धुळीवर काहीच चिकटत नाही. स्कर्टिंगच्या वरच्या, भिंतीलगतच्या बारीक फटीला अ‍ॅक्रिलिक कॉक (फट भरायची पेस्ट) पुरतं, वर रंगही देता येतो. साध्या सिलिकॉनवर रंग बसत नाही. खरा फरक मात्र खालच्या, स्कर्टिंग आणि फळ्यांमधल्या फटीने पडतो. ती ५-६ मिमीहून रुंद असेल तर आधी फोमची दोरी दाबून बसवा, वरून लवचिक सीलंट. कडक पुट्टी नकोच: लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं, आकसतं आणि पुट्टी तडकते.

आणि कळकळीने सांगतो, बाहेरच्या त्या जाळीदार विटा कधीही बुजवू नका.